नेट गेलं तरी बिल निघालं पाहिजे

मागच्या अंकात याच पानावर विचारलं होतं की एकापेक्षा जास्त शाखा असलेल्या हॉटेलवाल्यांना कॉम्प्युटरचा सगळ्यात जास्त ताप कुठे होतो. मेल आले, व्हॉट्सअॅप आले, एका काकांनी तर चक्क बिलाच्या रोलच्या मागे लिहून फोटो पाठवला. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत. नावं मुद्दाम काढलीत, कारण निम्म्या पत्रांत स्वतःच्याच कॅशियरची तक्रार आहे आणि तो कॅशियर हा अंक काउंटरवर बसूनच वाचणार. उत्तरं मी देतोय. हॉटेलांच्या बिलिंगचं काम करत मुंबईत बरीच वर्षं काढलीयत, त्यातली निम्मी फोनवर "आधी प्रिंटर बंद करून चालू करा" म्हणण्यात.

प्रश्न: सर, आमची मिसळ-थालीपीठाची तीन हॉटेलं आहेत, दादर, ठाणे, डोंबिवली. तयार सॉफ्टवेअर घेतलं होतं, सगळं क्लाउडवर. एका रविवारी दादरला एक ते अडीच नेट गेलं आणि बिलिंगच बंद पडलं, वहीवर लिहून काढलं, पंधरा-वीस टेबलांचा हिशोब शेवटपर्यंत लागला नाही. आता भाचा आणि त्याचा मित्र आपलं स्वतःचं बनवतायत. त्यांना नेमकं काय सांगू?
(हॉटेलमालक, दादर)

उत्तर: शेठ, आधी त्या दोघांना एका रविवारी बारा ते तीन गल्ल्यावर बसवा, लॅपटॉप घरी ठेवून. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुट्टे, समोरचं गिऱ्हाईक म्हणतंय केलंय बघा पेमेंट, मागून कॅप्टन ओरडतोय सात नंबर टेबलचं बिल बाराला जोडा, हे एकदा अंगावर घेतलं की अर्धं डिझाइन आपसूक सुधारतं.

आता नेटचं. प्रत्येक शाखेत एक छोटं मशीन ठेवा, साधा मिनी पीसीसुद्धा चालतो, आणि त्या शाखेचा पूर्ण डेटाबेस त्याच्यावर. कॅप्टनचे टॅब, भटारखान्यातले केओटीचे (ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचे) प्रिंटर, पार्सल काउंटर, सगळे हॉटेलातल्याच राउटरवरून त्या मशीनशी बोलतात. बाहेरचं नेट लागतं ते फक्त हिशोब वर ऑफिसात जायला. इथे लोकांचा घोळ होतो, वायफायची खूण दिसली म्हणजे नेट आहे असं धरून चालतात, पण आतलं जाळं वेगळं आणि बाहेरची लाइन वेगळी, बाहेरची तुटली तरी आतलं चालतंच. आणि भटारखान्यातल्या प्रिंटरला वायर टाका हो, वायफायवर नको, मधे स्टीलची रॅक आणि फ्रीज आले की सिग्नल कुठे जातो देव जाणे.

मुंबईत लाइट क्वचित जाते म्हणून आपण तिचा विचारच करत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसलं आणि मुंबई-ठाण्याची लाइट गेली, तेव्हा हॉटेलं जेमतेम आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरपासून, निम्म्या क्षमतेनं उघडलेली. त्या दिवशी किती ठिकाणी पीसी यूपीएसवर मस्त चालू होता पण राउटर आणि स्विच साध्या प्लगमध्ये, म्हणजे पीसी चालू आणि टॅब सगळे मुके. राउटर, स्विच, केओटी प्रिंटर, तिन्ही यूपीएसवर घ्या, त्यांना वीज कितीशी लागते. आणि मशीन गल्ल्याखाली जमिनीवर ठेवू नका, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, दादरला हिंदमाताजवळ तर पाणी भरायला त्याच्या दहाव्या भागाचा पाऊसही पुरतो.

आता भाच्यासाठी खास. बिल झालं की ते बिल आणि "हे वर पाठवायचंय" अशी नोंद, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये डेटाबेसात पडली पाहिजेत, एक पडली आणि दुसरी राहिली असं व्हायला नको. मग मागे एक वेगळा प्रोग्राम ती यादी बघत बसतो, नेट आलं की एकेक पाठवतो, वरून पोच आली की टिक करतो. पोच येतायेता नेट गेलं तर तेच बिल पुन्हा जाणार, जाऊ दे, प्रत्येक बिलाला स्वतःची जगावेगळी ओळख असली की वरचा सर्व्हर म्हणेल हे आहे माझ्याकडे, पुढचं दे.

बिलाचा नंबर मात्र वरच्या सर्व्हरला विचारून घ्यायचा नाही. म्हणजे बघा, नेट नसेल तर नंबर नाही आणि नंबर नाही तर बिल नाही, तुमच्या रविवारी हेच झालं असणार. जीएसटीच्या नियमात बिलाचा नंबर ओळीनं हवा, त्या आर्थिक वर्षात तो दुसऱ्यांदा येता कामा नये आणि १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे, पण एकच मालिका पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही, अनेक चालतात. मग प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका द्या: शाखेची तीन अक्षरं, काउंटरचा एक आकडा, तिरकी रेघ, वर्षाचे चार आकडे, पुन्हा रेघ, मग सहा आकडी क्रमांक. मोजा, बरोबर १६ होतात.

अजून एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवा, कुठली माहिती कुणाची. बिल शाखेत जन्मतं आणि वर जातं, वरच्या ऑफिसला त्यात हात घालता येत नाही. मेन्यू आणि रेट वर ठरतात आणि खाली येतात, शाखेला त्यातलं फक्त "आज संपलं" एवढंच करता येतं. दोन्हीकडून एकच गोष्ट बदलायची मुभा दिलीत की ठाण्यात साबुदाणा वडा एका रेटला, डोंबिवलीत दुसऱ्या, आणि खरा कुठला हे कुणालाच माहीत नाही, हा घोळ मी इतक्या ठिकाणी निस्तरलाय की आता हसू येतं.

आणि हो, घड्याळ! जुन्या पीसीच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, तो मेला की लाइट गेल्यावर तारीख कुठल्या कुठे मागे जाते. नेट असेल तर ती आपोआप सुधारते, नसेल तर तुमची आजची बिलं पाच-सात वर्षांपूर्वीची. सॉफ्टवेअरनं एवढंच करायचं, शेवटच्या बिलाच्या वेळेपेक्षा घड्याळ मागे दिसलं तर बोंब मारायची.

प्रश्न: सर, मी कल्याणची, इंजिनिअरिंग झालंय, एका चार शाखांच्या बिर्याणीवाल्यांसाठी एकटीच सॉफ्टवेअर करतेय. डिलिव्हरी अॅपची एकच ऑर्डर कधीकधी दोनदा येते, दोन केओटी निघतात, दोन बिर्याण्या भरल्या जातात आणि शेफ मला फोन करून ओरडतो. यूपीआयचंही तसंच, कॅशियर म्हणतो आले नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं कापले गेले.

उत्तर: शेफचं ओरडणं मनावर घेऊ नकोस, बिर्याणी वाया गेली की माणूस ओरडणारच. पण अॅपवाल्यांची चूक शोधत बसू नकोस. त्यांनी ऑर्डर पाठवली, तुझ्याकडून उत्तर यायला उशीर झाला, त्यांना वाटलं पोचलीच नाही म्हणून परत पाठवली, हे त्यांनी करायलाच हवं, नाहीतर ऑर्डरी हरवतील. दोनदा येणार हे धरूनच लिही. त्यांचा जो ऑर्डर नंबर असतो तो आणि अॅपचं नाव मिळून डेटाबेसात युनिक कर, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा आत येणारच नाही, कोडमध्ये "आधी आहे का बघ, नसेल तर टाक" असं लिहू नकोस, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही "नाही" असंच दिसतं आणि दोन्ही आत पडतात, डेटाबेसलाच नाही म्हणू दे. आणि ऑर्डर आल्याआल्या आधी नुसती लिहून ठेव, लगेच "मिळाली" म्हणून कळव, आणि मग निवांत केओटी वगैरे काढ. तू आधी प्रिंट करून मग उत्तर देतेस असं मला वाटतंय, प्रिंटरचा कागद संपला असेल त्या वेळी तुला डबल ऑर्डरी जास्त येतात का बघ बरं.

केओटी दुसऱ्यांदा निघालीच तर तिच्यावर मोठ्या अक्षरात "दुसरी प्रत" छाप. हे साधं वाटतं पण भटारखान्यात वाचायला कुणाला वेळ नसतो, मोठं अक्षर तेवढं दिसतं.

यूपीआयला तीन अवस्था ठेव, दोन नाही. झालं, फसलं आणि माहीत नाही. सगळा राडा त्या तिसऱ्या अवस्थेला कॅशियरनं मनानं पहिल्यात किंवा दुसऱ्यात ढकलल्यामुळे होतो. काउंटरवर कायमचा चिकटवलेला क्यूआर असेल तर आलेले पैसे कुठल्या बिलाचे हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही, साउंडबॉक्स बोलतो पण तो तुझ्या डेटाबेसशी थोडाच बोलतो. दर बिलाला वेगळा क्यूआर स्क्रीनवर दाखव, रक्कम आणि बिलाची ओळख त्यातच घालून, म्हणजे आलेले पैसे बिलाला आपोआप जुळतात. "माहीत नाही" मध्ये अडकलेलं बिल टेबल मोकळं करू दे पण यादीत राहू दे, आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या स्टेटमेंटमधल्या बारा आकडी यूटीआरशी (व्यवहाराच्या नंबराशी) ताळा घाल. गिऱ्हाइकाला दारात अडवून स्क्रीनशॉट मागणं हा काही सॉफ्टवेअरचा भाग नाही.

प्रश्न: दादा, स्टॉक कधीच जुळत नाही. बेस किचन पार्ल्यात, तिथून चार शाखांना माल जातो. सॉफ्टवेअर म्हणतं आठ किलो मटकी शिल्लक, डब्यात दीड किलो. मुलं चोरतात म्हणावं तर तसा विश्वास बसत नाही.
(थाळी-मिसळ चालवणाऱ्या ताई, विलेपार्ले)

उत्तर: ताई, मुलांवर इतक्यात शंका नको. मटकी घ्या. कोरडी एक किलो भिजवून मोड आणले की दुप्पट, कधी अडीचपट होते. खरेदी कोरड्या किलोत नोंदवलीय आणि मिसळीच्या रेसिपीत (एका प्लेटला स्टॉकमधून किती कापायचं त्या नोंदीत) कुणीतरी मोड आलेले ग्रॅम टाकलेत का उलटं झालंय, हे आधी बघा, माझा पैजेचा अंदाज आहे की इथेच आहे. मग तेल. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही, लिटरवाल्यात भरतं साधारण १३.६५ किलो. दोन्हीला सगळे "डबा"च म्हणतात. महिन्याला चाळीस डबे घेत असाल तर कागदावर पन्नास किलोच्या वर तेल आपोआप गायब होतं, आणि बिचारा वडेवाला शिव्या खातो.

म्हणून प्रत्येक वस्तूला तीन एककं लागतात: घेताना कुठल्या मापात घेता, ठेवताना कुठल्या, रेसिपीत वापरताना कुठल्या, आणि एकातून दुसऱ्यात जायचा आकडा तुमच्या किचनमध्ये काट्यावर तोलून काढलेला हवा, इंटरनेटवरचा नको. कांदा सोलून किती उरतो हे नाशिकचा नवा की जुना यावरही बदलतं, तीन दिवस तोला, सरासरी घ्या, पुढे चला.

दुसरी भानगड बेस किचनची. पार्ल्याहून टेम्पो सुटला की सॉफ्टवेअरनं माल तिथून काढून लगेच ठाण्याच्या शाखेत दाखवायचा नाही. मधे "वाटेत" असं एक गोदाम असल्यासारखं धरा. शाखेत उतरवणाऱ्यानं मोजून जेवढं घेतलं तेवढंच शाखेत चढेल, बाकीचं वाटेतच दिसत राहील, आणि रात्री "वाटेत" शून्य नसेल तर विचारायचं. हे केलं की चटणीचे डबे ब्रिजवर सांडले की शाखेत, हा वाद बंद होतो. एकाच राज्यात एकाच जीएसटी नंबरखाली शाखा असल्या तर या मालावर कर नाही, माल नेण्याचं चलन तेवढं लागतं, ते सॉफ्टवेअरनंच छापावं.

तिसरं म्हणजे रस्सा. आपल्याकडे तर्री मागून घ्यायला पैसे नाहीत, आणि ते बंद करा असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण बिलात नाही म्हणजे रेसिपीनंही तो कापला नाही, आणि तेल-मसाला तर गेला. स्टाफचं जेवण तसंच. त्यासाठी खोटी बिलं मारू नका, रोज रात्री निवडक दहा-बारा वस्तू मोजा, तेवढ्याच, सगळ्या मोजायला लावल्यात तर पोरं अंदाजे आकडे भरतात. बिलांवरून जेवढं लागायला हवं होतं आणि मोजून जेवढं लागलं, यातला फरक रोज बघायचा. तो रोज साधारण सारखा असेल तर तो रस्सा आहे. एखाद्याच शाखेत, एखाद्याच माणसाच्या पाळीत वाढत असेल तर मग बोला.

एक कळकळीची विनंती, स्टॉक शून्य दिसतो म्हणून सॉफ्टवेअरनं बिल अडवू नये. पावाची लादी सकाळी सहाला येते आणि तिची नोंद दुपारी चारला होते, सगळीकडे असंच आहे. उणे जाऊ दे, लाल दाखवू दे, पण समोर पाव दिसतोय आणि मशीन म्हणतंय पाव नाही, असं झालं की कॅशियर "इतर" नावाच्या आयटमवर बिलं मारायला लागतो आणि मग तुमचा सगळा डेटा कचरा. बरं आणि किंमत धरताना करासकट धरा, ५ टक्के जीएसटीवाल्या हॉटेलाला खरेदीवरचा कर परत मिळत नाही, तो तुमचा खर्चच आहे.

प्रश्न: कॅशियर बिल छापतो, रोख घेतो, गिऱ्हाईक गेलं की बिल कॅन्सल. दोनदा पकडला. कॅन्सलचं बटणच काढून टाकलं तर?
(गिरगाव)

उत्तर: काढू नका. खरंच चुकलेली बिलं असतातच, बटण नसलं की लोक त्याहून वाईट वाटा काढतात. सॉफ्टवेअरमध्ये पुसणं हा प्रकारच नको, छापलेलं बिल कायमचं राहणार, रद्द करायचं तर त्याच्याविरुद्ध दुसरी नोंद होणार, कुणी केली, किती वाजता, कुठल्या कारणानं, आणि नंबर जागच्या जागी राहणार, मालिकेत खड्डा नाही. तुमचं हॉटेल कंपनीच्या नावावर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरला असा बदलांचा माग ठेवणं कायद्यानंच लागतं, आणि तो बंद करता येता कामा नये.

छापण्याआधीचं कॅन्सल आणि छापल्यानंतरचं कॅन्सल वेगळं मोजा, छापल्यानंतरचं मॅनेजरच्या पिननं. पिन सगळ्यांना माहीत असते हे मला माहितीय, म्हणून पिनपेक्षा हे जास्त चालतं: रद्द झालं की मालकाच्या फोनवर लगेच मेसेज, टेबल, रक्कम, आणि छापल्यापासून किती मिनिटांनी. छापून चाळीस मिनिटांनी, रोखीचं, केओटी भटारखान्यातून सुटलेली, असं बिल रद्द होत असेल तर काही विचारायचीसुद्धा गरज नाही. आणि सारखं बिल परत-परत छापणं यावरही लक्ष ठेवा, एकाच छापील बिलावर दोन टेबलांकडून पैसे घ्यायची युक्ती जुनी आहे.

प्रश्न: मी अकाउंटंट, ठाण्यात पाच शाखांच्या हॉटेलचं काम बघते. अॅपवरची विक्री, हॉटेलातली विक्री, राउंड ऑफ, महिन्याअखेर काहीच जमत नाही. प्रोग्रामर म्हणतो सॉफ्टवेअर बरोबर आहे.

उत्तर: प्रोग्रामर नेहमी असंच म्हणतो, मीही म्हणायचो. १ जानेवारी २०२२ पासून डिलिव्हरी अॅपवरून विकलेल्या जेवणाचा जीएसटी अॅपची कंपनी भरते, जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली, हॉटेलनं तो पुन्हा भरायचा नाही, पण विक्री दाखवायची, जीएसटीआर-३बी या रिटर्नमध्ये ३.१.१ या वेगळ्या तक्त्यात. तेव्हा बिल कुठून आलं, टेबल, पार्सल की अॅप, हे बिल बनतानाच पक्कं लिहिलं गेलं पाहिजे, नंतर पेमेंटच्या प्रकारावरून अंदाज काढायचा नाही. बार असेल तर दारू जीएसटीत येतच नाही, तिला व्हॅट, तिचा भाग बिलात वेगळा.

राउंड ऑफचं उदाहरण देतो तसं बसून त्याच्यासमोर करा. १४५ रुपयांची डिश. ५ टक्के म्हणजे ७.२५. पण केंद्राचे अडीच टक्के ३.६२५, राज्याचे तेवढेच, दोन्ही स्वतंत्र राउंड केले की ३.६३ आणि ३.६३, झाले ७.२६. एक पैसा. एका शाखेचं व्हर्जन असं काढतं, दुसरीचं तसं, कुणी दर डिशला काढतं, कुणी पूर्ण बिलावर, आणि तुम्ही महिन्याअखेर डोकं धरून बसता. नियम एकच ठरवायचा, तो एकाच जागी लिहायचा, आणि पैसे डेटाबेसात पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवायचे, दशांशाच्या कटकटीत पडायचंच नाही.

कराचा दर कोडमध्ये ठोकून बसवला असेल तर त्याला हे विचारा: १ जुलै २०१७ ला एसी हॉटेलला १८ आणि बिगर एसीला १२ होता, १५ नोव्हेंबर २०१७ ला दोन्हीचा ५ झाला, २२ सप्टेंबर २०२५ ला हॉटेलचा तसाच राहिला पण खरेदीतल्या कितीतरी वस्तूंचे बदलले. जुनं बिल परत छापलं तर त्यावर जुनाच दर यायला हवा. म्हणून दराशेजारी "कधीपासून" ही तारीख लागतेच. आणि जाताजाता, बिलावरचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर (खाद्य परवान्याचा) प्रत्येक शाखेचा आपापला, पाचही शाखांच्या बिलावर एकच छापला जात नाहीये ना, बघून घ्या.

प्रश्न: लोअर परळला मिल कंपाउंडमध्ये आमचं चालतं पहाटेपर्यंत. शनिवारची विक्री कधी शनिवारात दिसते, कधी रविवारात.

उत्तर: जानेवारी २०२० मध्ये मॉल आणि मिल कंपाउंडमधल्या हॉटेलांना रात्रभर उघडं ठेवायला परवानगी मिळाली, पण आपली सॉफ्टवेअरं अजून बाराच्या ठोक्याला दिवस संपवतात. बिलावर दोन तारखा ठेवा. एक घड्याळाची, ती कायद्याची, छापली जाते ती तीच. दुसरी धंद्याची, जी मॅनेजरनं दिवस बंद केल्यावरच पुढे सरकते, पगार-स्टॉक-कमाईचे रिपोर्ट तिच्यावर. यातला खड्डा ३१ मार्चच्या रात्री येतो, साडेबाराचं बिल धंद्याच्या हिशोबानं ३१ चं पण घड्याळानं १ एप्रिलचं, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या मालिकेतला नंबर लागणार. मालिका धंद्याच्या तारखेला बांधली असेल तर ती आत्ताच सोडवा, त्या रात्री नको.

प्रश्न: बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो, गिऱ्हाईक भांडतं. (माटुंगा)

उत्तर: आपोआप लावायचाच नाही. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलं, २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाच्या एकल पीठानं ते कायम ठेवलं. सेटिंग बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: सिस्टिममध्ये एआय टाकू का? सगळे टाकतायत.

उत्तर: आधी वडापाव आणि वडा-पाव हे मेन्यूत दोन वेगळे आयटम आहेत ते एक करा, मग बोलू.

प्रश्न: आमचं सॉफ्टवेअर तयार झालंय, सहा शाखा आहेत, गणपतीच्या आधीच्या शनिवारी सगळीकडे एकदम चालू करायचा विचार आहे. बॅकअपही घेतो. काही टिप्स?
(बोरिवली)

उत्तर: एकच टिप, करू नका. गणपतीच्या आधी तर नाहीच, तेव्हा मोदकांच्या आगाऊ ऑर्डरी, उकडीचे वेगळे, तळणीचे वेगळे, आणि अर्धा स्टाफ कोकणात जायच्या तयारीत. सहातली सगळ्यात निवांत शाखा निवडा, जिथला मॅनेजर तुमच्याशी भांडतो ती, गोड बोलणारा नको, तो काही सांगणारच नाही. तिथे दोन आठवडे. त्यात महिन्याचा पहिला रविवार आलाच पाहिजे. मग दुसरी, मग उरलेल्या दोन-दोन. नवीन व्हर्जन सगळ्या शाखांत एकाच रात्री ढकलायचं नाही, आणि ते बिघडलं तर काउंटरवरच्या माणसाला स्वतःला मागच्या व्हर्जनवर जाता आलं पाहिजे, फोन न करता. याचा अर्थ डेटाबेसात बदल करताना जुनं व्हर्जनही त्याच्यावर चालेल असाच बदल करायचा, कॉलम वाढवा, लगेच काढू नका.

बॅकअप घेताय असं लिहिलंय, छान. परत कधी चढवून बघितलाय का? एक नवा पीसी घ्या, त्याच्यावर कालचा बॅकअप चढवा, घड्याळ लावा, पहिलं बिल निघेपर्यंत किती मिनिटं लागतात ते लिहून काउंटरच्या मागे चिकटवा. एका ठिकाणी बॅकअप तीन वर्षं रोज नेमानं होत होता, सगळ्या फायली शून्य केबीच्या.

आणि चालू करायच्या आधी एक मंगळवार निवडा, दुपारी चारची वेळ, टेबलं दोन-तीनच भरलेली. नेटची वायर काढा, दहा मिनिटं बिलं करा. मग नेट तसंच बंद ठेवून मेन स्विच पाडा. मग चालू करा, आणि छापलेल्या केओटी आणि स्क्रीनवरच्या केओटी एकेक करून हातानं जुळवा. एक जरी कमी-जास्त भरली तर शनिवार विसरा आणि मला फोन करा, मंगळवारी मी उचलतो.